भिंतीशी दोन हात

पाऊस आटोपला, ऑक्टोबर हीट सुरू झाली आणि दरवर्षीप्रमाणे तुमच्या-माझ्या फीडवर भिंती रंगायला लागल्या. पिस्तुलासारखं काहीतरी हातात धरून एक जण येतो, खटका दाबतो आणि पंधरा सेकंदांत पिवळट, कळकट खोली एकदम चकाचक. खाली खरेदीची लिंक. दुसऱ्या रीलमध्ये दांड्यातच रंग भरून ठेवणारा रोलर. तिसऱ्यात चाकं लावलेलं पॅड, ते म्हणे छताच्या कडेने रेघ मारत पळतं. सगळ्यांचं आश्वासन एकच: भिंत झटपट रंगवा, वेळ वाचवा.

मला या रील्स बघायला आवडतात, खोटं कशाला बोलू! पण माझं म्हणणं स्पष्ट आहे. घरातली एखादी खोली रंगवायला आपल्याला जो वेळ लागतो, त्यातला फार थोडा वेळ प्रत्यक्ष भिंतीवर रंग चढवण्यात जातो. आणि बाजारातली 'फास्ट' साधनं बहुतेक करून तेवढाच थोडा वेळ वाचवतात. त्यामुळे साधन घेण्याआधी आपला वेळ नेमका कुठे जातो ते बघा. बरेचदा महागडं मशीन मागे पडतं आणि एक साधा लांब दांडा पुढे येतो.

आता तुम्ही म्हणाल, भिंतीचा रंग हा कॉलेजच्या पोरांचा विषय कधीपासून झाला? मग जरा तुमचा ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार काढून वाचा. पुण्यात, मुंबईत, नाशकात, संभाजीनगरात, जिथे म्हणून आपण शिकायला येऊन फ्लॅट घेऊन राहतो, तिथे खोली सोडताना डिपॉझिटमधून 'पेंटिंग चार्जेस' कापले जाणं ही जवळपास रीतच झाली आहे. किती कापायचे, कशासाठी कापायचे, हे बरेचदा करारात धड लिहिलेलंही नसतं. मी आणि माझ्या दोन मैत्रिणी आधी ज्या फ्लॅटमध्ये राहायचो, तिथे पोस्टर चिकटवलेल्या एका भिंतीसाठी आख्ख्या फ्लॅटचा रंग आमच्या डिपॉझिटमधून वळता झाला. त्यानंतर नव्या फ्लॅटमधली आमची खोली आम्हीच रंगवायची, असं तिघींनी ठरवलं. मालकांना मेसेज करून लेखी होकार घेतला, आधीचे फोटो काढून ठेवले आणि एका शनिवार-रविवारी कामाला लागलो.

ज्यांना हे करायचं असेल त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. तेव्हा रंगाचं काय ठरलंय ते तोंडी ठेवू नका, करारातच लिहून घ्या. स्वतः रंगवून देण्याची मुभा मिळाली, तर एका वीकेंडच्या मेहनतीत तुमचे काही हजार रुपये वाचू शकतात.

अकरा तासांचा हिशेब

आमची खोली १० बाय १२ फुटांची, उंची १० फूट. म्हणजे चार भिंतींचं क्षेत्रफळ झालं ४४० चौरस फूट. दार-खिडकी वजा केली की साधारण ४००. चांगल्या इमल्शनच्या डब्यावर एका लिटरमध्ये दोन हात धरून किती चौरस फूट होतील ते छापलेलं असतं. आमच्या डब्यावरच्या आकड्यावरून तीन-साडेतीन लिटर पुरतील असं निघालं. चार लिटरचा डबा आणला.

('हात' म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रंगाचा एक थर म्हणजे एक हात. 'कोट' हा शब्द दुकानात. रंगारी 'पहिला हात', 'दुसरा हात' असंच म्हणतात.)

काम करताना आम्ही वेळ लिहीत गेलो. सामान मधोमध ओढणं, त्यावर आणि जमिनीवर प्लास्टिक अंथरणं, पंखा-स्विचबोर्ड झाकणं यात दीड तास. सुटलेले पापुद्रे खरवडणं, खिळ्यांची भोकं आणि भेगा पुट्टीने भरणं, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासणं, मग ओल्या फडक्याने भिंत पुसून घेणं यात चार तास. कोपरे, छताची कड, दार-खिडकीच्या चौकटी, स्विचबोर्डच्या बाजू ब्रशने काढायला दोन्ही हात मिळून अडीच तास. मोकळ्या भिंतीवर रोलर फिरवायला दोन्ही हात मिळून दोन तास. शेवटी धुणं-पुसणं आणि सामान जागेवर लावायला एक तास. एकूण अकरा तास. वाळण्यासाठी थांबलो तो वेळ यात धरलेलाच नाही.

आता या हिशेबाकडे नीट बघा. रील्समध्ये जे दिसतं, ते रोलर फिरवण्याचं काम अकरापैकी दोन तासांचं होतं. म्हणजे पाचव्या हिश्श्याहूनही कमी. समजा जादूची कांडी मिळाली आणि हे दोन तास शून्यावर आले, तरीही नऊ तास शिल्लक राहतातच. तुमची खोली वेगळी असेल, भिंती आमच्याहून चांगल्या किंवा वाईट असतील, आकडे थोडे इकडेतिकडे होतील. पण जुन्या, वापरातल्या खोलीत तयारी आणि कडा यांनाच सगळ्यात जास्त वेळ लागतो, हे कोणताही रंगारी तुम्हाला सांगेल.

म्हणून साधनं निवडायची तीही याच क्रमाने. जिथे जास्त वेळ जातो, तिथे आधी पैसे घाला.

स्प्रेचं आकर्षण

सगळ्यांना हवं असतं ते स्प्रे मशीन. तेव्हा आधी त्याचाच निकाल लावू.

स्प्रे वाईट नाही. १८९३ साली शिकागोला जागतिक प्रदर्शन भरलं होतं. स्वामी विवेकानंद ज्या सर्वधर्म परिषदेत बोलले, ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेली. उद्घाटनाची तारीख डोक्यावर आलेली आणि भल्यामोठ्या इमारती रंगवायच्या बाकी. तेव्हा सजावटीचं काम बघणारे चित्रकार फ्रान्सिस मिले यांच्या देखरेखीखाली दाबाच्या हवेने रंग फवारण्याची युक्ती वापरली गेली. त्या पांढऱ्याशुभ्र परिसराला लोक 'व्हाइट सिटी' म्हणू लागले. पण तिथली परिस्थिती बघा. इमारती प्रचंड, मोकळ्या, नव्या, आणि बहुतेक ठिकाणी रंग एकच. स्प्रे जिथे खरोखर जिंकतो ती हीच जागा. आजही नव्या बिल्डिंगमधले रिकामे फ्लॅट, मोठे हॉल, किंवा नक्षीदार ग्रिल असेल तर स्प्रेला तोड नाही.

आपली खोली यातल्या कशात बसते? तिच्यात पलंग आहे, कपाट आहे, लॅपटॉप आहे, रूममेटचा गॅसही आहे. स्प्रेतून उडणारा रंगाचा बारीक तुषार सगळीकडे जाऊन बसतो. म्हणजे रोलरने काम करताना जे नुसतं झाकून चाललं असतं, ते आता टेप लावून हवाबंद केल्यासारखं गुंडाळायला हवं. खिडकीच्या काचा, पंख्याची पाती, ट्यूबलाइट, दाराची मूठ, फरशीचा इंच न् इंच. या गुंडाळण्यात आपले वाचलेले दोन तास गेलेच म्हणून समजा.

शिवाय काही हजारांना मिळणाऱ्या घरगुती स्प्रेचा कप असतो साधारण लिटरभराचा. भिंतीचं इमल्शन जाड असल्यामुळे ते बरंच पातळ करावं लागतं. पातळ केलं की रंग नीट झाकत नाही, मग आणखी एक हात. नॉझल चोंदलं की काम थांबवून ते साफ करत बसा. आणि काम झाल्यावर मशीनचा एकूण एक भाग सुटा करून धुवा, नाहीतर पुढच्या वेळी ते उघडणारच नाही. ठेकेदार वापरतात ती मोठी, 'एअरलेस' मशिन्स ताकदवान असतात खरी, पण त्यांचा दाब दोन-तीन हजार पीएसआयपर्यंत जातो. इतक्या दाबाने नॉझलमधला रंग बोटाच्या कातडीखाली घुसू शकतो. वरून छोटीशी जखम दिसते, पण आत गंभीर इजा झालेली असते आणि तातडीने हॉस्पिटल गाठावं लागतं. भाड्याने आणून 'बघू तरी' म्हणण्याची ही वस्तू नाही.

मग घ्यायचं काय?

पहिल्यांदा घ्या लांब दांडा. गंमत म्हणून सांगत नाहीये. रोलरच्या मुठीला खालून दांडा अडकवायची सोय असते. नसेल तर तो रोलर घेऊच नका. दांडा लावला की जमिनीवर उभं राहून दहा फुटांची भिंत वरपासून खालपर्यंत एका दमात ओढता येते. नाहीतर घोडा सरकवा, चढा, दोन फूट रंगवा, उतरा, पुन्हा घोडा सरकवा. या चढ-उतारीत वेळ जातो तो जातोच, शिवाय पडण्याची भीती असते. स्टुलावर खुर्ची ठेवून चढणारे महाभाग प्रत्येक हॉस्टेलमध्ये असतात. एका दांड्याने तो प्रश्नच मिटतो.

दुसरा, चांगला रोलर. नऊ इंची घ्या. चार इंची ब्रशच्या दुपटीहून जास्त रुंदी तो एका फेरीत घेतो आणि अंगात रंगही जास्त धरतो. पैसे वाचवायचेच असतील तर मुठीत वाचवा, वरच्या बाहीत नको. मायक्रोफायबरची, ९ ते १२ मिलिमीटर लव असलेली बाही आपल्या गुळगुळीत भिंतींना पुरते. भिंत खडबडीत असेल तर लव जास्त लांब हवी, म्हणजे खोलगट भागातही रंग पोचतो. स्वस्तातली फोमची बाही भिंतीवर बुडबुडे सोडते आणि रंगही कमी धरते. ती दारांसाठी ठेवा. नवी बाही वापरण्याआधी तिच्यावर चिकटपट्टी फिरवून सुटे धागे काढून टाका. नाहीतर ते भिंतीवर कायमचे बसतात आणि मग नखाने काढत बसावं लागतं. रोलर निथळायला ट्रे किंवा बादलीत उभी ठेवायची जाळी घ्या. डब्यात थेट रोलर बुडवला की निम्मा रंग जमिनीवर.

तिसरा, कडांसाठी दोन किंवा अडीच इंची चांगला ब्रश, तिरकस टोकाचा मिळाला तर उत्तम. अडीच तास खाणारं काम हेच आहे, त्यामुळे इथे केस गळणारा ब्रश घेणं म्हणजे स्वतःशीच वैर. चाकं लावलेली कडा काढायची पॅड सरळ, सपाट भिंतींसाठी ठीक आहेत. पण आपल्या जुन्या इमारतींचे कोपरे कुठे आत गेलेले, कुठे बाहेर आलेले. त्यात त्या चाकांना एकदा रंग लागला की छतावर रेघोट्या उमटतात. ब्रश आणि थोडा सराव, एवढ्यावर काम भागतं. पहिली भिंत हळू जाते, तिसऱ्या भिंतीपर्यंत हात बसतो.

चौथं, तयारीचं सामान: पुट्टी ओढायची पत्ती, १८० आणि ३२० नंबरचे पॉलिश पेपर, पेपर गुंडाळायला लाकडाचा चौकोनी ठोकळा. ठोकळ्यामुळे दाब सारखा पडतो आणि बोटांचे खड्डे पडत नाहीत. सगळं मिळून खर्च फारच थोडा, पण चार तासांचं काम याच्यावर अवलंबून असतं. घासायचं मशीन आख्ख्या घराला नव्याने पुट्टी लावली असेल तर कामाचं. चार भोकं आणि दोन भेगांसाठी ते भाड्याने आणायला जाण्यातच जास्त वेळ जाईल.

दांड्यात रंग भरायचा रोलर, ड्रिल मशीनला लावायचं रंग घोटायचं पातं वगैरेंबद्दल थोडक्यात: वीस लिटरची बादली असेल तर पातं घ्या, चार लिटरच्या डब्याला लाकडी पट्टी पुरे. आणि दांड्यातला रोलर भरायला, मग धुवायला जो वेळ लागतो त्यात ट्रे चार वेळा भरून होतो.

पाचवं साधन दुकानात मिळत नाही. ते म्हणजे दुसरा माणूस. एकाने ब्रशने कड काढत पुढे जायचं आणि दुसऱ्याने ती कड ओली असतानाच मागून रोलर घेऊन यायचं. काम तर लवकर होतंच, पण ब्रशचा आणि रोलरचा जोडही दिसत नाही. कड वाळल्यानंतर त्यावर रोलर आला की भिंतीला चौकट आखल्यासारखी पट्टी दिसते आणि ती लपवायला तिसरा हात मारावा लागतो. जोड टाळायचा तर रंग चालू असताना पंखाही बंद ठेवा. ऑक्टोबरच्या उकाड्यात हे जिवावर येतं, पण एक भिंत पूर्ण होईपर्यंत तरी सोसा.

आणि एक फुकटातली युक्ती. पहिल्या आणि दुसऱ्या हाताच्या मध्ये ब्रश-रोलर धुवत बसू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून ठेवा. काही तास ते ओलेच राहतात.

जिथे घाई चालत नाही

काही गोष्टी मात्र कोणत्याही साधनाने लवकर होत नाहीत. डब्यावर दोन हातांमध्ये किती तास थांबायचं ते लिहिलेलं असतं, बहुतेक इमल्शनला चार ते सहा तास. पुट्टीलाही वाळायला वेळ द्यावा लागतो. ओल्या पुट्टीवर रंग मारला की तो पापुद्रा होऊन निघतो आणि केलेलं सगळं काम परत. आम्ही शनिवारी खरवडणं-पुट्टी केली, रात्रभर सोडली, रविवारी सकाळी घासून पहिला हात आणि संध्याकाळी दुसरा. मधल्या वेळात सबमिशन पूर्ण झालं. थांबण्याच्या वेळेचा उपयोग करायचा तो असा.

दुसरी गोष्ट, ओल. भिंतीला फुगवटे आले असतील, पांढरी पूड सुटत असेल, तर रंगाचा डबा उघडूच नका. शंका असेल तर प्लास्टिकचा एक तुकडा चारी बाजूंनी टेप लावून भिंतीवर रात्रभर चिकटवून ठेवा. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाणी दिसलं तर भिंत ओली आहे. ही ओल गच्चीतून येते, बाथरूमच्या पाइपातून येते, बाहेरच्या तड्यातून येते. तिच्यावर कितीही महाग रंग मारा, पुढच्या पावसाळ्यात ती वर येणारच. ती दुरुस्त करणं हे घरमालकाचं किंवा सोसायटीचं काम आहे, आपलं नाही. आधीच ओल असलेल्या भिंतीचा रंग आपल्या डिपॉझिटमधून जाऊ नये म्हणून खोली ताब्यात घेताना तारखेसह फोटो काढा आणि मालकांना पाठवून ठेवा.

तिसरी गोष्ट सगळ्यात गंभीर: जुना ऑइलपेंट. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांमधल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं, असा नियम २०१६ साली आला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधी रंगवलेली दारं, खिडक्या, ग्रिल यांच्या थरांमध्ये शिसं असू शकतं. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि सगळ्यात जास्त धोका लहान मुलांना आणि गरोदर बायकांना. अशा थरावर वेळ वाचवण्यासाठी कोरडं घासायचं मशीन फिरवलं तर ती धूळ घरभर होते. जुन्या वाड्यात, जुन्या चाळीत राहत असाल तर दारं-खिडक्यांच्या घट्ट बसलेल्या रंगाला हात लावू नका. लावायलाच लागला तर पाणी मारून ओलं घासा, एन ९५ मास्क घाला आणि पोरंबाळं लांब ठेवा. साध्या पुट्टीच्या धुळीसाठीसुद्धा मास्क हवाच.

आणि रंगारी?

इथे तुमच्यातला एखादा म्हणेल, एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा माणूस बोलवावा. बरोबर आहे. छत उंच असेल, जिन्याची भिंत असेल, सगळी पुट्टी नव्याने करायची असेल तर जरूर बोलवा. पण बोलावल्यावर आपण काय करतो तेही बघू या.

रंगारी खोली बघतो, भिंतीवर हात फिरवतो आणि सांगतो, चार दिवस लागतील. आपण लगेच म्हणतो, छे, एवढीशी खोली, दोन दिवसांत करा. आपल्या डोक्यात पंधरा सेकंदांची रील असते. त्याच्या डोक्यात खरवडणं, पुट्टी, वाळवणं, घासणं, प्रायमर, पुन्हा वाळवणं आणि मग दोन हात असतात. दोन दिवसांचा हट्ट धरला की त्यातलं काहीतरी गळतं. दुसरा हात तर गळू शकत नाही, तो डोळ्यांना दिसतो. गळते ती घासाई, गळतो तो प्रायमर, आणि मधला वाळवायचा वेळ. मग सहा महिन्यांत पापुद्रे सुटले की आपण म्हणायला मोकळे, 'हे लोक कामच नीट करत नाहीत.' दिवस आपण कापलेले असतात आणि नाव त्याचं खराब होतं.

रंगाच्या कंपन्यांनी हे आपल्या आधी ओळखलंय. बर्जर पेंट्सची 'एक्स्प्रेस पेंटिंग' ही सेवा काम लवकर होईल म्हणूनच विकली जाते. त्यात मशीन कुठे लावलंय बघा: भिंत घासायला, तेही धूळ ओढून घेणारं. म्हणजे ज्यांचा धंदाच वेगाचा आहे, तेसुद्धा तयारीचा वेळ कमी करायच्या मागे आहेत. नाक्यावर कामासाठी उभ्या असलेल्या रंगाऱ्याकडे मात्र ते मशीन नसतं, बरेचदा साधा मास्कही नसतो. तो दिवसभर हाताने भिंत घासतो आणि ती धूळ नाकातोंडात घेतो. त्याला एक मास्क आणून देणं आणि त्याने मागितलेले दिवस देणं, एवढं तर आपल्याला जमायला हरकत नाही.

आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये एशियन पेंट्ससाठी काढलेला गट्टू आठवतोय? आपल्या आई-बाबांना नक्की आठवेल. विस्कटलेले केस, एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात रंगाचा डबा. आज कोणी त्याला नव्याने काढायचं ठरवलं तर त्याच्या हातात स्प्रे गन देण्याचा मोह होईल. मला विचाराल तर मी त्याला पुट्टीची पत्ती देईन आणि पाठीवर लांब दांडा.

सगळं स्वतःच करा, असा माझा आग्रह नाही. पण एकदा तरी एखादी भिंत स्वतः रंगवून बघा. त्याने डिपॉझिट वाचेल ते वाचेल. पुढे आयुष्यात तुम्ही घर घ्याल, ऑफिस उभं कराल, कोणाकडून तरी काम करून घ्याल. तेव्हा समोरचा माणूस 'चार दिवस' म्हणाला, तर त्या चार दिवसांत काय काय असतं हे तुम्हाला माहीत असेल. आणि कोणी 'दोन तासांत करून देतो' म्हणालं, तर त्यातून काय गाळलंय हा प्रश्न विचारायचं सुचेल.

या दिवाळीत हार्डवेअरच्या दुकानात गेलात की 'सगळ्यात फास्ट काय आहे?' असं विचारू नका. घरून निघण्याआधीच एका कागदावर आपल्या खोलीची कामं आणि त्यांचे तास मांडा. सगळ्यात मोठा आकडा ज्या कामासमोर असेल, त्याचं साधन आधी मागा. माझी खात्री आहे, पिशवीत दांडा, ब्रश, पत्ती आणि पॉलिश पेपर येतील. मग रूममेटला उठवा आणि करा भिंतीशी दोन हात!